अनसूयाकाकूची जमानत

अनसूयाकाकू गेली हे मला देवगाव फाट्यावर कळलं. जिंतूरहून आले होते आणि सेलूच्या गाडीची वाट पाहत उभी होते. तिला दात उरले नव्हते म्हणून मऊसर धपाटे करून घेतले होते, डबा पिशवीत अजून कोमट होता. सेलूकडून आलेल्या जीपमधून आमच्या गल्लीतला एक ओळखीचा माणूस उतरला आणि मला बघून जागीच थांबला. "अक्का, काकूकडंच निघालाव ना..." एवढं बोलून तो खाली बघायला लागला. सकाळी अंघोळ करून ओट्यावर येऊन बसली आणि बसल्या बसल्याच गेली म्हणे. मला बोलवायला माणूस धाडला होता, त्याची-माझी चुकामूक झाली होती. पुढच्या गाडीत बसले तेव्हा मला रडू आलं नाही. आधी मनात आलं ते वेगळंच. काकू आपल्या ओट्यावर गेली, उजेडात, आपल्या माणसांत. नारबाला हे मिळालं नव्हतं. बरं झालं, असं वाटलं.

सुतकात असा विचार शोभत नाही असं कुणी म्हणेल. म्हणू दे. तेराव्याला गावातल्या एका मोठ्या माणसानं भाषण केलं. अनसूया म्हणजे जिच्या मनात असूया नाही ती, असा नावाचा अर्थ उलगडून सांगितला. ज्यानं नवऱ्याचा हात मोडला त्याचीच जमानत या माउलीनं घेतली, क्षमा कशाला म्हणतात ते सेलूला शिकवलं, असं म्हणाले. बायकांनी डोळे पुसले. मी उठून काही बोलले नाही, दुःखाच्या घरात वाद नको म्हणून. पण जिंतूरला परतल्यापासून ते भाषण डोक्यातून जात नाही. काकूनं नारबाची जमानत घेतली हे खरं आहे. क्षमा मात्र तिनं केली नाही, एक दिवसही केली नाही. जन्मभर सांभाळलेला तिचा राग, तो तिचा स्वतःचा होता. ती बोलायला उरली नाही म्हणून तो काढून घ्यायचा आणि त्याजागी क्षमेचा हार घालायचा, ही मला चोरीच वाटते... आणि चोरीबद्दल गप्प बसायचं नाही, हे मला तिनंच शिकवलं.

आमचं घर सेलूला, मोंढ्याच्या, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत. निजामाचं राज्य संपायच्या आधीची ती काही वर्षं. मी परकर-पोलक्यात होते. दिवाळी झाली की खेड्यापाड्यांतून कापसाच्या गाड्या यायच्या आणि जिनिंगच्या फाटकापासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत रांग लागायची. गावात कुठकुठची माणसं भरायची. चोऱ्या आधीही व्हायच्या, पण एखादा तांब्या, वाळत घातलेलं लुगडं, एवढ्याच. मग त्या दिवसाढवळ्या व्हायला लागल्या. माणसं बाजाराला गेली की मागच्या दारानं हंडे जायचे. विहिरीवर गेलेल्या एका सुनेच्या कानातली फुलं ओढून नेली, कानाची पाळी फाटली. ती बाई पुढे कायम पदरानं कान झाकून वावरली. आम्हा पोरींच्या कानांत कडुलिंबाच्या काड्या घातलेल्या असायच्या. सोनं म्हणून अंगावर काही नको, अशी घरोघर ताकीद होती. दुपार झाली की दारांना आतून कडी आणि कडीवर अडसर. शेजारीण आली तरी आधी नाव विचारायचं, आवाज ओळखायचा, मग दार उघडायचं.

या भीतीच्या जोरावर नारबा मोठा झाला. मूळचा तालमीतला गडी, अंगानं दांडगा आणि बोलायला गोड. गल्लीची राखण मी करतो, तुम्ही सुगीला धान्य घाला, सणाला कापड द्या, असं तो घरोघर सांगत फिरायचा. ज्यांनी मान्य केलं त्यांच्याकडे चोर फिरकले नाहीत. ज्यांनी नाही म्हटलं त्यांची घरं थोड्याच दिवसांत फुटली. चोर कोण आणि राखणदार कोण, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. चौकीतल्या अमीनालाही, म्हणजे निजामाच्या फौजदारालाही, कळत होतं. त्याच्या घोड्याच्या तोबऱ्यातला हरभरा नारबाच्या घरून जातो, असं लोक दार लावून बोलायचे. पण सगळं दार लावूनच.

माधवकाका माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, अनसूयाकाकूचा नवरा. आमच्याच घराच्या पुढच्या ओट्यावर त्याचं शिलाईचं मशीन होतं. कोट शिवावा तर त्यानंच. परभणीचे वकील त्याच्याकडे माप द्यायला सेलूला यायचे. नारबानं त्याच्याकडे धान्य मागितलं नाही. माझ्या माणसांचे सदरे तेवढे फुकट शिवून दे, म्हणाला. काका तसा गरीब स्वभावाचा, कधी कुणाला उलटून न बोलणारा. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, चोरांची मापं मी घेणार नाही, असं त्यानं ओट्यावर, चार गिऱ्हाइकांच्या देखत सांगितलं. एवढ्यावर थांबला नाही. चौकीवर गेला आणि नारबाचं नाव घेऊन फिर्याद दिली. अमीनानं ऐकून घेतलं, प्यायला पाणी दिलं, लिहून मात्र काहीच घेतलं नाही.

पुढच्याच बाजारच्या दिवशी, भर दुपारी, जिनिंगच्या फाटकाशी नारबाच्या माणसांनी काकाला धरलं. गाड्या रांगेला लागलेल्या, जिकडे तिकडे माणसं. नारबा जवळ आला आणि म्हणाला, "माधवा, कातर कोणत्या हातानं धरतोस?"

काकानं डावा हात पुढे केला.

"मी बघितलेलं हाय तुला कापताना," नारबा म्हणाला. त्याच्या माणसांनी काकाचा उजवा हात गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर दाबून धरला आणि नारबानं वरून पहार घातली.

बघणाऱ्यांत माझे वडील होते. ते सरकी आणायला मोंढ्यात गेले होते आणि तिसऱ्या-चौथ्या गाडीआड उभे होते. नारबा निघून गेल्यावर ते पुढे झाले, भावाला पाठुंगळी घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी चौकीतला माणूस विचारायला आला. गल्लीतल्या कुणीच काही पाहिलं नव्हतं. माझे वडील म्हणाले, मी गेलो तेव्हा हा पडलेला होता. काकू स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती आणि मी तिच्याजवळ होते. तिनं ते ऐकलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि चुलीकडे वळली. त्या वेळी ती असेल विशीतली, फार तर.

हाडं बसवणारा आला, बांबूच्या कामट्या बांधून गेला. हात जुळला, पण बोटं पुन्हा वळली नाहीत. काकाला स्वतःच्या हातानं घास मोडता येईना. घरात येणारं धान्य त्या हातावर येत होतं, म्हणून काकू मशीनवर बसली. बाईमाणसानं ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून बसायचं, हे गल्लीत पहिल्यांदाच घडत होतं. काका शेजारी बसून सांगायचा, ती कापायची. सुरुवातीला कापड वाकडं जायचं. मग काका काही न बोलता उठून आत जायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. काकू ते वाकडं कापड बाजूला ठेवायची, कपाळ पुसायची आणि पुन्हा खडूनं रेघ मारायची. नारबा रस्त्यानं जायचा. कधी कधी मुद्दाम थांबायचा, काय माधवशेठ, बरं हाय का, असं विचारायचा. काका मान हलवायचा... तसलं ते मान हलवणं मी विसरलेली नाही.

काका वर्षा-दोन वर्षांत गेला. अंगात ताप मुरला, असं वैद्य म्हणाले. काकू म्हणायची, "ताप न्हाई. पहार."

दिवस झाल्यावर, पाहुणे गेले त्या सकाळी, माझे वडील पाटावर जेवायला बसले होते. थोरल्या दिरासमोर काकू कधी उभी राहिलेली नव्हती, बोलणं तर दूरच. त्या सकाळी ती बाहेर येऊन समोर उभी राहिली.

"भावोजी, चौकीवर चला. नवा अमीन आलाय. जे बघितलं ते सांगा."

वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला. ते म्हणाले, "घरात पोरगी हाय माझ्या, अनसूये. नारबा मोकळा हाय अजून."

"पोरगी हाय म्हणूनच बोला. आज न्हाई बोललाव तर उद्या तिचे कान फाडतील. अन् तवाबी तुमी गाडीआडच उभे ऱ्हाताल."

मी तिथेच होते. हात आपोआप कानांकडे गेले. वडील ताटावरून उठले, हात धुतला, पागोटं घातलं. काकूच्या पुढे चालायचं की मागे, हे त्यांना कळेना. शेवटी तीच पुढे झाली.

नवा अमीन तरुण होता. त्यानं लिहून घेतलं. कागद उर्दूत, अदालतीतलं बोलणं उर्दूत. वडिलांना मोडकंतोडकं यायचं, पण त्यांनी सगळं सांगितलं. स्वतः कुठे उभे होते तेही. त्यांच्यामागून तो गाडीवान पुढे आला, ज्याच्या गाडीच्या चाकावर हात ठेवला होता. मग कान फाटलेली सून आली. एकदा वाट झाल्यावर गल्ली बोलायला लागली, आणि इतकी बोलली की मुन्सफांना गप्प बसवावं लागलं. नारबाला सक्तमजुरी झाली. गल्लीत गूळ वाटला गेला. काकूनं तो गूळ घेतला नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "तुरुंगात समदे तसलेच. तिथं त्याला लाज कुणाची वाटणार? अन् सुटला की जाईल बहिणीकडं पोखर्णीला. नरसिंहाच्या पायरीवर बसंल, लोक आबा म्हणतील." तेव्हा ती बटणाची काजं करत होती. सुई खुपसायची आणि ओढायची, खुपसायची आणि ओढायची...

तिनं म्हटलं तसंच होणार होतं. काही वर्षांनी नारबा सुटून आला. तुरुंगानं त्याचं अंग उतरवलं होतं, गुडघे गेले होते. त्यानं खरोखरच पोखर्णीचं नाव घेतलं. पण अशा माणसाला रोज चौकीवर हजेरी द्यावी लागे आणि मोकळं राहायचं तर ठाण्याच्या हद्दीतला कुणी जामीन लागे. बहिणीच्या गावचे लोक आले होते, अमीनानं ते चालवून घेतले नाहीत. सेलूतलं कुणी तयार होईना. ज्यांनी त्याच्याबरोबर खाल्लं-प्यालं होतं ते रस्ता बदलून जायला लागले. नारबा चौकीतच कोंडून पडला. आठवडा गेला असेल. एके सकाळी काकू लुगडं बदलून निघाली आणि वडिलांना म्हणाली, मी जामीन राहणार. वडील तिच्यामागे धावले, मी वडिलांच्या मागे.

अमीनानं कागद वाचून दाखवला. जामिनाच्या संमतीवाचून या माणसानं हद्द सोडायची नाही, आणि जामीन सांगेल तिथे राहायचं. मग तो काकूकडे बघत राहिला. "सोच समझ के अंगूठा लगारे ना बाई? ये वोईच आदमी है।"

"वोईच है साब," काकू म्हणाली. "इसीच वास्ते लगारी।"

कोठडीच्या गजांमागे नारबा हात जोडून उभा होता. त्यानंही क्षमाच समजली असावी. त्या दिवशी सगळ्या गल्लीनं तसंच समजून काकूच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. खरं काय ते दुसऱ्या दिवसापासून कळायला लागलं.

आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक पडकी खोली होती. काकूनं त्याला तिथे ठेवलं. सकाळी तो हजेरीसाठी बाहेर पडला की काकू मशीनच्या चाकावर हात ठेवायची. मशीन थांबायचं. ती मान वर करून त्याच्याकडे बघायची, तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत. मग मशीन सुरू. तो पाण्याला निघाला की थांबलं, दुकानाला निघाला की थांबलं. शिवी नाही, शाप नाही, एक शब्द नाही. मशीनचा आवाज बंद झाला की नारबा बाहेर पडला हे सगळ्या गल्लीला कळायचं, आणि घराघरांतून माणसं दारात येऊन उभी राहायची. फाटक्या कानाची सून यायची. पदर मागे सारून, कान उघडा टाकून यायची. एवढ्या नजरांतून तो गुडघे ओढत जायचा. पहिले काही दिवस उसनं हसला. मग मान खाली घालून जायला लागला. मग तहान लागली तरी बाहेर पडेना.

आणि आमची गल्ली... सेलूत तेवढी सुरक्षित गल्ली दुसरी नव्हती. नारबाची ही गत बघून कुठला चोर तिथे पाऊल टाकणार? दुपारची दारं उघडी राहायला लागली. हंडे अंगणात पालथे असायचे. माझ्या कानांतल्या काड्या काढून आईनं सोन्याच्या बाळ्या घातल्या आणि मी त्या घालून एकटी मोंढ्यापर्यंत गेले. चौकी तीच होती, कायदा तोच होता. अमीन येत होते, बदलून जात होते. आम्हाला निर्धास्त केलं ते एका बाईच्या रागानं. भाषण करणाऱ्यांनी हे सांगायला हवं होतं.

यातलं जे कडू आहे तेही सांगते. पोखर्णीहून निरोप आला, नारबाची बहीण शेवटच्या घटका मोजत होती. नारबा रस्ता ओलांडून आमच्या ओट्याखाली आला. मशीन थांबलं.

"बाई, बहीण सरायलीय. पाणी पाजून येतो. दोन दिवस सोडा मला."

काकूनं पहिल्यांदा त्याच्याशी तोंड उघडलं. आवाज चढलेला नव्हता. "कोणत्या हातानं पाजणार हाईस?"

तो उभाच राहिला. माझे वडील आतून आले आणि म्हणाले, अनसूये, जाऊ दे त्याला, बहिणीनं काय केलं आपलं? काकू वडिलांकडे वळलीसुद्धा नाही. नारबा परत गेला. बहीण त्याच्यावाचून गेली. त्यानंतर वडील काकूशी बरेच दिवस बोलले नाहीत, आणि मला खरं सांगायचं तर मीही तिच्या मांडीला मांडी लावून बसायला कचरत होते. पण तेव्हाही, आत कुठेतरी, मला तो प्रश्न आवडला होता. अजून आवडतो.

नारबा त्याच खोलीत मेला, राज्य बदलायच्या थोडं आधी. दुपारी लक्षात आलं. खांदा द्यायला माणसं जमेनात, शेवटी वडील गेले, तो गाडीवान गेला, आणखी कुणी दोघं. तिरडी आमच्या घरावरून निघाली. मी काकूकडे बघत होते. ती कुणाच्या तरी बारशाची कुंची शिवत होती. नारबा समोरून जात असताना ते मशीन पहिल्यांदा थांबलं नाही. तिनं मान वर केली नाही, चाक फिरवत राहिली, आणि तिरडी टोकाला वळून गेली तरी तो आवाज एकसारखा येत राहिला.

पुढे काकू खूप जगली. गल्लीतल्या तीन पिढ्यांना तिनं कपडे शिवले. चेष्टा करायची, खळखळून हसायची, माझ्या बाळंतपणांना जिंतूरला येऊन राहायची. मन मारून जगली असं कुणी म्हणू नये. नारबाचं बोलणं मात्र ती स्वतःहून काढत नसे. मागच्या उन्हाळ्यात मीच विचारलं. म्हटलं, काकू, त्याला बहिणीकडे जाऊ दिलं नाहीस, कधी वाईट वाटतं का? "तिचं वाटतं," ती म्हणाली. "त्याचं न्हाई." आणि मग पाणी मागितलं.

तेरावं झाल्यावर तिची पेटी उघडायचं काम माझ्याकडे आलं. चार लुगडी, घोंगडी, आणि सगळ्यात खाली जुन्या धोतरात गुंडाळलेला काळ्या कापडाचा एक कोट निघाला. काकाच्या हातचा. ज्या दिवशी त्याचा हात मोडला त्या दिवशी मशीनवर असलेला. डावी बाही लागलेली होती, उजवी नुसतीच कापून आत घडी घालून ठेवलेली. खांद्यावर पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके अजून तसेच होते. काकूला ती बाही लावायला अर्धी दुपार पुरली असती. तिनं ती जन्मभर लावली नाही.

माझ्या सुनेनं विचारलं, आत्याबाई, मी लावून देऊ का? मी नको म्हटलं. जिंतूरच्या घरात, पुढच्या खोलीतल्या खुंटीवर तो मी टांगला आहे, बिनबाहीची बाजू माणसांकडे करून. येणारा-जाणारा विचारतो, हे काय, एकाच बाहीचा कोट? मी बसा म्हणते, चहा ठेवायला सांगते आणि सगळं सांगते. माधवकाकाचं नाव सांगते, अनसूयाकाकूचं सांगते. नारबाचंही, न विसरता.